हैदर ब्याटरीवाल्याची बाज

१

हैदर ब्याटरीवाल्यानं जन्मात एक वस्तू फेकून दिली नव्हती. फुटक्या ब्याटरीची काळी पेटी असो, आटे गेलेला नट असो, नाहीतर स्वतःच्या लग्नातल्या शेरवानीचं फाटकं अस्तर असो, "ऱ्हाऊ दे, कामाला येतंय," म्हणून तो ते शेडच्या मागं नेऊन ठेवायचा. जाहेदानं बत्तीस वर्षं त्या ढिगासकट संसार केला. जित्याची खोड आपल्या बोलण्यानं थोडीच जाणार, असं समजून तिनं बोलणं सोडून दिलं होतं. म्हणजे दिवसातून दोनदाच बोलायची.

केजात गॅरेजांची ओळ संपते तिथं त्यांची दोन गुंठे जागा. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याचं शेड, मधे अंगण आणि अंगणात एक अर्धवट वाळलेला लिंब. या अंगणात ट्रॅक्टरच्या, जीपच्या, इन्व्हर्टरच्या किती ब्याटऱ्या फुटल्या त्याला गणती नाही. हैदर आतलं तेजाब कोपऱ्यात ओतायचा, शिशाच्या प्लेटा कढईत वितळवायचा आणि साच्यात नव्या ओतायचा. सगळेच तसं करायचे. तेजाब ओतलं तिथं गवत उगवायचं नाही, एवढं मात्र दिसत होतं. गवत नाही तर साप नाही, म्हणून जाहेदाला उलट ते बरंच वाटायचं.

त्यांची एकुलती एक लेक मुबश्शिरा सिरसाळ्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला रिवाजाप्रमाणं सातव्या महिन्यात तिला माहेरी आणली, आणि आठव्यात मूल पोटातच गेलं. मुलगा होता. हैदरनं त्याला दोन तळव्यांवर घेऊन कब्रस्तानात नेलं, येताना रिकामे हात तसेच पुढं धरून आला. मग डॉक्टरनं मुबश्शिराचं रक्त तपासलं, अंगणातली मूठभर माती तपासून आणायला लावली आणि सांगितलं की पोरीच्या हाडांत लहानपणापासून शिसं मुरलंय, निदान आता तरी तिला या जागेवर ठेवू नका.

त्याच दिवशी हैदरनं भट्टी विझवली. त्यानंतर मुबश्शिरा माहेरी आली नाही. भेटायचं तर हेच दोघं जीपनं सिरसाळ्याला जायचे. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, आणि ते अजून व्हायचंच आहे, असं जाहेदा मानायची. जमीन साफ झाली तर लेक घरी येणार, नाही तर नाही. यापलीकडं तिला दुनियेकडून काही नको होतं.

२

पंचाक्षरी किराणावाल्यांची प्रणिता शेतकीच्या कॉलेजात मातीवर संशोधन करत होती. तिला खराब झालेली जमीन हवी होती आणि या दोघांना ती चांगली करून. हैदर तर आधी सगळी माती खणून टेम्पोनं लांब नेऊन टाकायला निघाला होता. प्रणितानं विचारलं, चाचा, टाकणार कुठं, तिथंही कुणाचं अंगण असेलच ना? तेव्हा त्यानं टेम्पो परत पाठवला.

तिची रीत साधी होती. सूर्यफूल लावायचं, कडेनं वाळा लावायचा, आणि प्रत्येक आळ्यात मुळांच्या बुरशीची ओंजळभर माती घालायची. ही बुरशी तिनं कॉलेजात मक्याच्या मुळांवर वाढवलेली, ओलसर वाळूमातीसकट आठ बारदानांत भरून आणलेली. बुरशी मुळाला जडते, तिचे तंतू मुळं पोचत नाहीत तिथवर पोचतात आणि शिसं हुडकून आणून देतात. झाड ते अंगात घेतं. मग झाड मुळासकट उपटून बंद पोत्यात न्यायचं. त्यातलं पान शेळीला नाही, काटकी चुलीला नाही, बी तोंडात नाही. हे सगळं तिनं जाहेदाकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"आन् त्या बुरशीला कसं उमगतंय बेटा," हैदरनं विचारलं, "कंचं काढायचं न् कंचं ठिवायचं?"

"उमगत नाही, चाचा. सापडेल ते आणते."

जाताना प्रणितानं सांगितलं की रिकामी बारदानं खड्ड्यात पुरून टाका. हैदरनं मान हलवली. पण आठ धडधाकट बारदानं मातीत घालायची, हे त्याच्यानं कुठलं होणार! तो चार दिवस लिंबाखाली बसून बारदानं उसवत होता आणि मांडीवर सुतळी वळत होता. शेडमागं त्याच्या आईच्या वेळची एक बाज उघड्या चौकटीनं पडली होती. ती त्यानं नव्या सुतळीनं घट्ट विणली, लिंबाखाली मांडली आणि वर गोधडी टाकून जाहेदाला दाखवली. बाज खरंच छान झाली होती, आणि जाहेदानंही तसं तोंडावर सांगितलं. या घरात असं कौतुक वर्षातून एकदा व्हायचं.

३

मोठे बरे दिवस होते ते. जाहेदानं आयुष्यात काही पिकवलं नव्हतं, आता सकाळी उठून ती नळी घेऊन आळ्यांत पाणी सोडायची आणि सूर्यफुलांशी बोलायची. अंगणात मधमाश्या आल्या. वाळ्याची ओली मुळं दरवळली की गॅरेजांच्या ओळीतले मेकॅनिक हातातलं काम टाकून भिंतीवरून डोकवायचे. पहिलं पीक उपटून गेलं, दुसरं लागलं. दुपारी नमाज आणि जेवण झालं की हैदर बाजेवर आडवा व्हायचा, चार वाजता जाहेदा चहा घेऊन जायची. घरात दोघं दखनी बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चहाच्या वेळी दोन्हींची खिचडी.

एक दिवस वरणात भाकरी कुस्करताना त्याच्या बोटांकडं तिचं लक्ष गेलं. नखं पांढरी होती.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. पण ब्याटरीवाल्याच्या हाताची काजळी साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही. ती नखांच्या मुळाशी आणि तळव्याच्या रेघांत बसलेली असते, कातडीखाली. लग्नाच्या दिवशीसुद्धा हैदरचा हात मेंदीखाली काळा होता. आता तळवा उलटा करून पाहिला तर रेघासुद्धा कोऱ्या.

"कायनं धुतले वो हात?"

"पान्यानं," तो म्हणाला. "काहून?"

काम बंद होऊन वर्ष उलटलं, तेव्हा जातही असेल, असं जाहेदानं धरलं. पंधरा दिवसांनी त्याच्या हिरडीवरची शिशाची निळी रेघ दिसेनाशी झाली. पोटात मुरडा येऊन तो रात्री अंगाची जुडी करायचा, तेही थांबलं. मनगटात जोर आला. एका दुपारी त्यानं तिच्या हातातली सुई घेतली आणि पहिल्या फटक्यात दोरा ओवून दिला. ज्या हाताला पाण्याचा पेला धड धरता येत नव्हता, तो हात असा स्थिर पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं अल्लाचे आभार म्हणून शुकरान्याचा मीठा भात केला आणि शेजारी वाटला.

किराण्याला गेल्यावर प्रणिताला सांगितलं तर तीही खूश झाली. शिशापासून लांब राहिलं की शरीर ते हळूहळू टाकतं, म्हणाली, फक्त हाडांतलं निघायला वर्षानुवर्षं लागतात. जाहेदानं त्यातलं पहिलं वाक्य घरी आणलं आणि दुसरं दुकानातच ठेवलं.

४

श्रावणात अंगणात चिखल झाला म्हणून तिनं बाज ओसरीवर घ्यायची ठरवली. एकटीनं उचलायला गेली तर बाज हलेना. चारही पाय चिखलात रुतले असतील म्हणून एका पायाशी विटेचा तुकडा घालून उचकटून पाहिलं. जमिनीत कुठंतरी बारीक कटकट झाली आणि पाय बोटभर वर आला. त्याच्या टोकाला मातीचा गोळा चिकटलेला होता आणि गोळ्यातून पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी लोंबत होतं. लाकूड भिजलं की बुरा येतोच. तिनं पाय परत टेकवला आणि पदराला हात पुसले.

आवाज त्यानंतर ऐकू यायला लागला. म्हणजे आधीपासूनही असेल, पण गॅरेजांच्या ठोकाठोकीत कुणाला कळणार? दुपारी दोन ते चार सगळी ओळ जेवून पेंगत असते, तेवढाच शांत वेळ. हैदर बाजेवर पडला की पहिल्यांदा सुतळी करकरायची, ते बरोबर. पण करकर थांबल्यावर, तो पार झोपल्यावर, दुसरा एक आवाज सुरू व्हायचा. तापलेल्या आळ्यात पाणी सोडलं की माती ते पिते, तेव्हा येतो ना, तसा. बारीक, सलग, घाई नसलेला.

जाहेदा ओसरीत तांदूळ निवडत बसायची आणि ऐकायची. सुतळी ताणतेय, असं ती स्वतःला सांगायची. मग म्हणायची, ताणलेली सुतळी दोन तास कशी ताणेल? मग म्हणायची, वाळ्याच्या मुळांचा असेल, एवढी दाट मुळं, पाणी ओढत असतील. हे कारण तिला पटलं. सलग तीन दिवस पाणी न देता ऐकून पाहिलं, तरी आवाज तसाच होता, तेव्हा कारण तेच ठेवून तिनं तांदूळ आत नेऊन निवडायला सुरुवात केली.

चहाला उठवलं की हैदर डोळे उघडायच्या आधी हसायचा.

"लई निवांत वाटतंय बघ," तो म्हणायचा. "अंगातलं कुनीतरी वझं उतरून घेतंय जनू."

५

मुबश्शिराला दिवस गेल्याचा निरोप आला त्या दिवशी जाहेदा ओसरी धूत होती. ओल्या फरशीवरून हैदर आत गेला. त्याच्या मागोमाग ती गेली आणि दारात थबकली. तिच्या पावलांचे ठसे ओसरीभर उमटले होते. त्याचेही होते, पण इतके फिकट की एखाद्यानं नुसतं बोटांनी शिवून जावं. जेवण तर तो दुप्पट करत होता. तिनं त्याच्या दंडाला हात लावला. दंड होता, मऊ होता, बाळाच्या दंडासारखा स्वच्छ होता. उन्हाचा रापसुद्धा नव्हता.

फोनवर बोलणं झाल्यावर ती पायरीवर बसली. आनंद झालाच होता, पण त्या आनंदाच्या आत भीतीही होती, आणि अशी भीती नवऱ्याशी नाही बोलायची तर कुणाशी.

"यावेळी नीट व्हायला पायजे," ती म्हणाली. "मागल्यासारकं नगं. त्या लेकराचा चेहरा अजून डोळ्यापुढं येतोय."

"कंच्या लेकराचा?" हैदरनं विचारलं.

तिला वाटलं, त्याला बोलायचं नसेल. तिनं वर पाहिलं. तो हसतमुख होता, आणि उत्तराची वाट पाहत होता.

तिनं सांगितलं. सातवा महिना, आठवा महिना, कब्रस्तान, त्याचे दोन हात. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेजारच्या गावची हकिकत ऐकावी तसं ऐकत होता. वाईट झालं म्हणाला. मग म्हणाला, "पर आपलं तर आता व्हनार हाय, इन्शाल्ला," आणि उठून सूर्यफुलांना पाणी द्यायला गेला.

बाकी सगळं त्याला आठवत होतं. कुणाच्या जीपला कोणती ब्याटरी बसते, तलवाड्याच्या साडूनं लग्नात मान दिला नाही, जाहेदानं कोणत्या साली कोणती चूक केली, सगळं. त्याला माफी मिळाली, असं एक मन म्हणत होतं. दोन वर्षं तो माणूस आतून जळत होता, आता झोपतोय तर झोपू दे. दुसरं मन ओसरीवरच्या त्या फिकट ठशांपाशी परत परत जात होतं.

६

शेवटचा तपासणीचा कागद घेऊन प्रणिता स्वतः आली, तेव्हा मुबश्शिराला सातवा लागला होता. प्रणिताचा चेहरा फुलला होता. सुरुवातीला चार हजारांवर असलेलं शिसं आता शंभराच्या आत आलं होतं. दहा वर्षांचं काम सव्वा वर्षात. ती म्हणाली, चाची, आणा लेकीला. जाहेदानं तिथंच तिची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली.

निघताना प्रणिता जरा घुटमळली. लिंबाखालचा, बाजेच्या आसपासचा नमुना वेगळाच आला होता.

"खराब हाय का?" जाहेदानं विचारलं.

"खराब नाही. तिथं काहीच नाही, चाची. शिसं नाही, पण चुना नाही, लोह नाही, शेणाखताचा अंश नाही. धुतलेली वाळू असावी तसं. माती म्हटलं की थोडं काहीतरी असतंच." मग ती हसली. "मशीनचीच चूक असणार. परत लावते."

ती गेल्यावर जाहेदा बाजेकडं गेली. दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं, कुठल्यातरी गॅरेजात रेडिओ लागला होता. हैदर पाठीवर झोपला होता. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की तिला आधी त्याच्याकडं बघत बसावंसं वाटलं. मग तो आवाज ऐकू आला. ती गुडघ्यांवर बसली आणि खाली लोंबणारी गोधडी बाजूला केली.

सुतळी दिसत नव्हती. जिथं सुतळी होती तिथं सगळं पांढरं होतं, ओलसर, केसाहून बारीक, आणि पायांवरून मातीत उतरत होतं. वाऱ्याचा एक झोत आला तरी त्यातलं काही हललं नाही. गोधडीच्या पायथ्याला हैदरचे पाय उघडे होते. टाचांना आयुष्यभराच्या भेगा. एका भेगेत एक तंतू गेलेला होता. तिनं तो बोटानं उचलला. तो ताणला गेला, आणि झोपेतल्या हैदरचा पाय, गाईचं दूध काढताना तिचा पाय हलतो तसा, जरासा हलला.

जाहेदानं गोधडी सोडून दिली.

आता खरं सांगायचं तर तिथंच तिनं त्याला हलवून उठवायला हवं होतं, प्रणिताला हाक मारायला हवी होती. ती अजून गल्लीच्या तोंडाशीही पोचली नसेल. जाहेदाला हे कळत होतं. पण बोललं असतं तर कागद रद्द झाला असता, पुन्हा खणणं, पुन्हा तपासणं, आणि येत्या शुक्रवारी आणायची ठरवलेली मुबश्शिरा सिरसाळ्यातच राहिली असती. शिवाय नवरा धट्टाकट्टा होता. जे काय होतं त्यानं त्याचं भलंच केलं होतं की नाही? ती ओसरीत आली, चार वाजायची वाट पाहिली आणि चहा टाकला. त्या चहात तिनं मुद्दाम साखर घातली नाही. हैदर तो गोड असल्यासारखा पिऊन गेला.

७

शुक्रवारी हैदर जुम्म्याच्या नमाजला गेला, तशी तिनं विळा काढला. त्याला विचारून उपयोग नव्हता, नवीकोरी बाज मोडतेस कशाला, असंच त्यानं म्हटलं असतं. ती बाजेच्या चारही पायांभोवती मातीत विळा घालून कापत गेली. कापताना ओल्या दोऱ्यांचा आवाज येत होता. चौथा पाय सुटला आणि बाज इतकी हलकी झाली की ओढताना तीच मागं कलंडली. शेडच्या मागं नेऊन टाकली आणि रॉकेलचा डबा शोधायला आत वळली. तेवढ्यात गल्लीत जीपचा हॉर्न वाजला.

मुबश्शिरा दोन तास आधी आली होती. पोट पुढं, एका हातात पिशवी, चपला दारातच काढलेल्या. दोन वर्षांनी लेक उंबऱ्यात. जाहेदाला दुसरं काही सुचलं नाही. लेकीला गळ्याशी धरून ती रडली, लेक हसली, मग उलट झालं. लेकीनं अंगणातली सूर्यफुलं पाहिली, हे आपलंच अंगण का, म्हणून दोनदा विचारलं. अनवाणी सगळीकडं फिरली. जाहेदानं तिला भाकरी, मेथी, अंडी असं पुढ्यात बसून खाऊ घातलं. तिच्या सासरच्या गोष्टी ऐकल्या. रॉकेल, विळा, शेड हे सगळं एवढ्यात शंभर कोस लांब गेलं होतं. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर सुख लागलं होतं, आणि ती ते जरा जपून, हळूहळू घेत होती.

मग ती भांडी घासायला मोरीत बसली. बाहेर हैदर आल्याचं कळलं, बापलेकींचं बोलणं कानावर पडत होतं. पाय सुजलेत तुझे. चालायचंच अब्बा. थांब, तुला झकास जागा देतो. जाहेदा हसली, पातेल्याला राख लावली. पातेलं घासून पालथं घातल्यावर तिच्या ध्यानात आलं, की झकास जागा म्हणजे कोणती.

ती ओल्या हातांनी बाहेर आली.

शेडमागून बाज आणून हैदरनं लिंबाखाली मांडली होती, होती त्याच जागी. बायकोनं ती तिकडं का टाकली असेल, असा प्रश्न त्याला पडला नसेल. या घरात शेडमागची वस्तू बाहेर येणं काही नवं नव्हतं. बाजेवर नवी गोधडी घातली होती, आणि गोधडीवर मुबश्शिरा पाठीवर पडली होती. हैदर उशाशी उभा राहून पुठ्ठ्यानं तिला वारा घालत होता. गॅरेजांची ओळ जेवून पेंगत होती.

आवाज सुरू झाला होता. जाहेदाला इतक्या दिवसांत कधी ऐकू आला नव्हता इतका मोठा होता, आणि या वेळी त्यात घाई होती.

"ऊठ," जाहेदा म्हणाली. "मुबश्शिरा, ऊठ आधी."

"निजू दे की गं तिला," हैदर हळूच म्हणाला.

मुबश्शिरानं डोळे उघडले नाहीत. तिच्या चेहऱ्यावरची प्रवासाची, दोन वर्षांची सगळी ओढाताण उतरत होती, समोर दिसावी अशी उतरत होती. "पाचच मिनिटं, अम्मी," ती म्हणाली. "किती निवांत वाटतंय. सिरसाळ्याहून निघाल्यापासून पोटात नुस्त्या लाथा मारत हुतं, आता बघा कसं गप झालंय."

जाहेदानं तिच्या काखेत हात घालून तिला ओढलं. कोवळं गवत मुळासकट उपटावं तसं काहीतरी खालून तुटत गेलं, आणि मुबश्शिरा झोपेतून उठवलेल्या पोरीसारखी हसत, डोलत उभी राहिली. जाहेदानं तिला ओसरीत आणलं, भिंतीला टेकवलं आणि तिच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले. पोट गरम होतं, मऊ होतं.

हैदर लिंबाखालून प्रेमानं दोघींकडं बघत होता. मुबश्शिरा विचारत होती, काय झालं अम्मी, काय झालं. जाहेदानं तिला गप्प राहायची खूण केली आणि तळवे आणखी दाबून धरले. एक लाथ दे, ती मनात म्हणत होती, एकच दे. आणि तळव्यांखाली काही हलतंय का याची वाट पाहत ती तशीच उभी राहिली.